आईचे म्हणणे केसपेपरवर

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की आमच्या बालरुग्ण कक्षाचे रूप बदलू लागते. मे महिन्यात मुंबईहून आलेली, आंबे-फणस खाऊन पोट बिघडलेली चाकरमान्यांची मुले परत गेलेली असतात आणि त्यांच्या जागी धाप लागलेली तान्ही बाळे, तापाने फणफणलेली शाळकरी मुले, आणि आईबापांच्या मागोमाग शेतावर जाऊन विंचू किंवा फुरसे चावून आलेली मुले येऊ लागतात. मी सिंधुदुर्गात किनाऱ्याजवळच्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझ्या नोकरीचा मोठा भाग मुलांच्या कक्षात गेला आहे. नव्याने रुजू झालेल्या मुली मला विचारतात की, मोठ्यांच्या आणि मुलांच्या शुश्रूषेत फरक तो काय. तेच औषध, तेच सलाईन, फक्त माप लहान. या प्रश्नाचे उत्तर ओव्हर देता-घेता, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे. मुख्य सांगायचे ते आधीच सांगते. मुलाच्या खाटेशी बसलेल्या आईचे म्हणणे ही वैद्यकीय नोंद आहे आणि ताप, नाडी व श्वास यांच्या शेजारी, केसपेपरवर तिला जागा मिळाली पाहिजे.

मोठा माणूस आजारी असला तर तो कण्हतो, बोलावतो, छातीत दुखते की पोटात हे सांगतो. दोन वर्षांचे मूल यातले काहीच सांगत नाही. त्यातून मुलांचे शरीर आजाराशी शेवटपर्यंत मोठ्या नेटाने झगडते. अंगातले पाणी कमी झाले किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर हृदय जलद धावू लागते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उपलब्ध असलेले रक्त मेंदू, हृदय अशा महत्त्वाच्या अवयवांकडे वळवले जाते. त्यामुळे रक्तदाब बराच वेळ नेहमीसारखा दिसत राहतो आणि तो खाली आलेला दिसतो तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. म्हणूनच मुलांच्या कक्षात ‘बीपी चांगले आहे’ या वाक्यावर मी कधी निर्धास्त होत नाही. मी मुलाचे तळपाय हातात घेते. अंग तापलेले आणि तळपाय मात्र गार, असे असेल तर छातीच्या मधोमध बोटाने पाच सेकंद दाबून ठेवते आणि बोट उचलल्यावर पांढरी पडलेली जागा पुन्हा लाल व्हायला किती वेळ लागतो ते मोजते. दोन सेकंदांच्या आत रंग परतला तर ठीक; तीन सेकंदांहून अधिक लागले तर त्याच पावली डॉक्टरांना फोन करायचा, राऊंडची वाट पाहायची नाही.

श्वास मोजणे हे आमच्या कामातले सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त घाईत उरकले जाणारे काम आहे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय मोठ्यांच्या कक्षातून आलेल्या मुलींना असते. तान्ह्या मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही; मध्येच भराभर दोन-चार श्वास होतात, मध्येच क्षणभर थांबल्यासारखे होते. त्यामुळे पूर्ण एक मिनिट मोजावे लागते आणि तेही मूल रडत नसताना, अंगावर पीत नसताना. मी मुलाला आईच्या मांडीवरच राहू देते, झबले वर करते आणि स्टेथोस्कोप न लावता नुसती पोटाकडे पाहत मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असला तर तो जलद समजावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. आकड्याइतकेच महत्त्व डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांना आहे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का, नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना मूल बारीक कण्हते का, हे पाहायचे असते. आमच्याकडच्या आया या सगळ्याला दोनच शब्द वापरतात, ‘पोट उडता’. ते शब्द कानावर पडले की हातातले दुसरे काम बाजूला ठेवून मी त्या खाटेकडे जाते.

एका पावसाळ्यात गाबीत (मासेमार) वाड्यातली एक बाई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन दाखल झाली होती. ताप, खोकला, दोन दिवस खाणे नाही. संध्याकाळी मोजला तेव्हा श्वास ३६ होता, ऑक्सिजनचे प्रमाण ९५ टक्के, ताप औषधाने उतरलेला. कागदावर सगळे ठीक होते. ती मात्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, “सिस्टर, माझो झिल असो गप कधी रवणा नाय.” (माझा मुलगा असा गप्प कधी राहत नाही.) शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई तिला समजावत होत्या की, अगो, ताप उतरलो म्हणान निजलो तो. मी त्याला उठवण्याचा प्रयत्न केला. त्याने डोळे उघडले, पण मी अनोळखी असूनही तो रडला नाही. त्या वयाचे मूल सुई घेऊन येणाऱ्या सिस्टरला पाहून रडत नाही, ही गोष्ट मला कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक काळजीची वाटते. तळपाय गार होते आणि दाबलेल्या जागी रंग परतायला चार सेकंद लागले. रक्तातली साखर तपासली तर तीही उतरलेली निघाली. डॉक्टर आले, सलाईन आणि ग्लुकोज सुरू झाले, प्रतिजैविक बदलले गेले. रात्री उशिरा त्याने आईचे मंगळसूत्र हातात धरून ओढले, तेव्हा कुठे तिने समोरचा चहा घेतला. मी त्या संध्याकाळच्या नोंदीत तिचे वाक्य तिच्याच शब्दांत लिहिले होते. आमच्या कक्षात आता ही पद्धत पडली आहे. आईला काय वेगळे वाटते, हे प्रत्येक पाळीत एकदा विचारायचे आणि तिच्या बोलीत, वेळेसकट लिहून ठेवायचे.

ही आमच्या कोकणातल्या साध्या रुग्णालयाची भाबडी समजूत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झाल्याने रुग्णालयात होती आणि तिथेच तिला सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे) होऊन ती गेली. तिची प्रकृती ढासळत असल्याची काळजी तिच्या आईवडिलांनी बोलून दाखवली होती, पण तिला वेळेवर अतिदक्षता विभागात हलवले गेले नाही. तसे केले असते तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला. तिच्या आईवडिलांनी नेट लावून केलेल्या प्रयत्नांतून २०२४ पासून तिथल्या सरकारी रुग्णालयांत ‘मार्थाचा नियम’ टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यानुसार प्रकृतीत पडलेला फरक रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना रोज विचारून नोंदवायचा असतो आणि घरच्यांना शंका वाटली तर दुसऱ्या पथकाकडून तातडीची फेरतपासणी मागण्याचा हक्क त्यांना असतो. आपल्याकडे दुसरे पथक बोलावण्याइतकी माणसे तालुक्याच्या ठिकाणी नसतात, हे मला ठाऊक आहे. पण विचारून लिहून ठेवायला जास्तीची माणसे लागत नाहीत.

आता वजनाविषयी. मुलांच्या कक्षात सगळ्याची सुरुवात वजनकाट्यापासून होते, कारण जवळजवळ प्रत्येक औषधाचे माप किलोवर ठरते. पॅरासिटामॉल घ्या. एका वेळचे माप साधारण किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ते सहा मिलिलिटर होते. पण तान्ह्या मुलांसाठी मिळणाऱ्या थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या हिशेबाने सहा मिलिलिटर थेंब पाजले तर ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध पोटात जाते. मोठ्या भावाचे सिरप आणि धाकटीचे थेंब एकाच फडताळात शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि रात्री दिव्याच्या मंद उजेडात बाटली उचलली जाते, म्हणून मी दाखल करून घेताना घरात दिलेल्या औषधाची बाटलीच मागवून घेते. ‘ताप उतरायचा औषध दिला’ एवढ्यावर भागत नाही. चमच्याचेही तसेच आहे. घरातला चहाचा चमचा हे माप नव्हे, बाटलीबरोबर येणारे झाकण किंवा सुई काढलेली सिरिंज हे माप.

सलाईनचा हिशेब हॉलिडे आणि सेगर या दोघा डॉक्टरांनी १९५७ साली मांडला आणि तो आजही आमच्या भिंतीवर लावलेला आहे. पहिल्या दहा किलोंना दर किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहा किलोंना दर किलोमागे ५० आणि त्यावरच्या प्रत्येक किलोला २०, हे चोवीस तासांचे प्रमाण. बारा किलोच्या मुलाला हजार आणि शंभर मिळून अकराशे मिलिलिटर, म्हणजे तासाला सुमारे ४६. मायक्रोड्रिप सेटमध्ये, म्हणजे बारीक थेंब सोडणाऱ्या सलाईनच्या नळीत, साठ थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यामुळे तासाचे जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाचे थेंब ठेवायचे. ४६ मिलिलिटर तर ४६ थेंब. पंप नसलेल्या ठिकाणी या सोयीने किती मुलांना वाचवले असेल! बुरेटमध्ये (बाटलीखालच्या मापाच्या नळकांड्यात) मात्र एकदोन तासांपुरतेच पाणी सोडावे, म्हणजे मुलाने हात हलवून थेंबांचा वेग वाढला तरी सगळी बाटली अंगात उतरत नाही. लहान मुलाच्या अंगात पाणी जास्त झाले तर ते फुप्फुसांवर आणि मेंदूवर येते.

या वजनाच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो आमच्या भागात जन्मभर लक्षात ठेवावा लागतो. सापाने दंश करताना समोर मूल आहे की मोठा माणूस हे पाहून विष कमी-जास्त सोडलेले नसते. त्यामुळे सर्पविषावरच्या प्रतिविषाची मात्रा मुलालाही मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते. विषबाधेची लक्षणे असतील तर सुरुवातीला साधारण दहा कुप्या. नवीन मुलींना हे सांगितले की त्या दचकतात. एवढ्याशा जीवाला दहा कुप्या? होय, दहाच. उलट, मुलाच्या लहान शरीरात तेवढेच विष अधिक घातक ठरते. वजनाप्रमाणे ठरवायचे ते एवढेच की, प्रतिविष किती सलाईनमध्ये मिसळायचे आणि रिॲक्शन आल्यास ॲड्रेनलिन किती द्यायचे. ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून, नाव आणि माप लिहून, उशाशी तयार ठेवल्याशिवाय मी पहिला थेंब सुरू करत नाही.

फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक नवी, कोरडी, स्वच्छ काचेची परीक्षानळी लागते, त्यात शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर ताजे रक्त घालायचे आणि नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची. नळी काचेचीच हवी, कारण रक्त गोठण्याच्या क्रियेला काचेच्या पृष्ठभागाने चालना मिळते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर निष्कर्ष चुकतो. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. रक्ताची गुठळी जागच्या जागी राहिली तर चांगले. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष सुरू करायचे आणि सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा करायची. मी त्या वीस मिनिटांत नळीपासून दूर जात नाही, कारण वॉर्डात गडबड असते, कोणी मावशी टेबल पुसायला म्हणून ती उचलते, कोणी मामा ट्रे सरकवतो आणि मग सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. बाहेर बाप, काका आणि अर्धी वाडी उभी असते आणि सिस्टर नुसत्या घड्याळाकडे बघत बसल्यात, असे त्यांना वाटते. म्हणून मी बापाला आत बोलावून नळी दाखवते आणि आपण कशाची वाट पाहत आहोत ते सांगते. ते ऐकल्यावर तोच बाहेर जाऊन सगळ्यांना शांत करतो.

विंचवाच्या बाबतीत आपण कोकणवाल्यांनी एक ऋण मान्य केले पाहिजे. लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावतात ती हृदयावर आणि फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामाने, हे रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाटेशी बसून केलेल्या निरीक्षणांतून जगापुढे आणले. त्यांचा १९८२ चा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला, पुढे त्यांनी प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे मूल आले आणि त्याला दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार अशी लक्षणे असली की प्राझोसिन किलोला ३० मायक्रोग्रॅम या प्रमाणात तोंडावाटे दिले जाते. गोळी देणे सोपे आहे. कठीण पुढचेच असते. हे औषध रक्तदाब उतरवते, त्यामुळे ते दिल्यावर मुलाला आडवेच ठेवावे लागते, उचलून उभे धरायचे नाही, कडेवर घ्यायचे नाही. घाबरलेले, रडणारे मूल समोर आहे आणि त्याला उचलू नकोस, असे आईला सांगायचे! रागावून सांगितले तर सिस्टरची पाठ वळताच ती उचलून घेणार, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. मी तिला मुलाच्या शेजारी खाटेवर आडवे व्हायला लावते. तिचा हात त्याच्या छातीवर, तोंड त्याच्या तोंडाजवळ. मूल आडवेच राहते आणि आईजवळही राहते. खाटेवर नातेवाइकांनी झोपू नये, अशी पाटी आमच्याही भिंतीवर आहे. त्या रात्रीपुरती ती मी वाचत नाही.

आई जवळ असणे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, जगात एके काळी याच्या नेमके उलट चालत असे, हे सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. विलायतेत गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक रुग्णालयांत आईबापांना मुलाला भेटायला आठवड्यातून एखाद्या दिवशी ठराविक वेळीच सोडत. भेटून गेल्यावर मूल रडते, भेट नसली की ‘शहाण्यासारखे’ राहते, असे कारण दिले जाई. जेम्स रॉबर्टसन या मनोविश्लेषकांनी १९५२ साली अडीच वर्षांच्या एका मुलीचे आठ दिवसांचे रुग्णालयातले वास्तव्य चित्रित करून दाखवले. ते शहाणपण नव्हते, मुलीने मनातल्या मनात धीर सोडला होता, हे त्यातून दिसले. पुढे १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांना भेटण्यावर बंधने नसावीत आणि लहान मुलांबरोबर आईच्या राहण्याची सोय व्हावी, अशी शिफारस केली. आपल्याकडे आई पहिल्यापासून खाटेशीच आहे. तिच्यासाठी अंघोळीची जागा, दोन वेळचा डबा आणि पाठ टेकायला काहीतरी, एवढे मात्र अजून पुष्कळ ठिकाणी नाही. माझ्या मते मुलांच्या कक्षासाठी काही मागायचे झाले तर यंत्रांच्या यादीत हेही लिहावे. दोन रात्री न झोपलेली आई मुलाच्या श्वासातला फरक टिपू शकत नाही.

आईच्या हातून उपचार होतात, याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी, म्हणजे ओआरएस, पिंपांत कालवून ठेवले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

सुईविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मुलांच्या मनात रुग्णालय म्हणजे सुई. ‘दुखणार नाही हं’ असे मी कधी सांगत नाही आणि इतरांनाही सांगू देत नाही. दुखते. ‘मुंगी चावल्यासारखे दुखेल, तू दहापर्यंत मोज’ असे सांगितलेले मूल पुढच्या वेळी हात पुढे करते. फसवले गेलेले मूल पांढरे कपडे दिसले की किंचाळते. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईने पाजत असतानाच सुई टोचली तर बाळाला वेदना कमी जाणवतात, हे सिद्ध झालेले आहे. इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) लावायचे काम आम्ही मुलाच्या खाटेवर करत नाही, बाजूच्या खोलीत करतो, म्हणजे निदान खाट ही त्याची निर्भय जागा राहते. पिवळ्या रंगाचे, २४ नंबरचे इंट्राकॅथ लागले की औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्यावर कापूस आणि गॉज गुंडाळून हात त्यावर बसवतो. चिकटपट्टी लावताना बोटांची टोके उघडी राहिली पाहिजेत आणि सुईची जागा दिसली पाहिजे. मग दर तासाला दोन्ही हात शेजारी शेजारी धरून पाहायचे. सलाईनचा हात दुसऱ्यापेक्षा फुगलेला, ताणलेला किंवा गार लागला तर ते इंट्राकॅथ तिथल्या तिथे काढायचे, मग ते लावायला कितीही त्रास झालेला असो. सलाईन बाहेर झिरपून कातडी जळाली तर तो डाग त्या मुलाच्या हातावर जन्मभर राहतो.

करदोटा, काळा दोरा, गळ्यातला ताईत, कपाळाला देवळातला अंगारो, हे सगळे घेऊन मुले येतात. काही सहकारी दाखल करतानाच ते काढायला लावतात. मी काढत नाही. दोरा हातात रुतत असेल, सलाईनच्या आड येत असेल किंवा शस्त्रक्रिया असेल तरच आईला सोडून जपून ठेवायला सांगते. अंगारो कपाळाला लावावा, तोंडात घालू नये, एवढेच माझे म्हणणे असते आणि ते कोणी मोडल्याचे मला आठवत नाही. आपल्या देवाला इथे जागा आहे असे दिसले की ती बाई घरी काय काय केले तेही मोकळेपणाने सांगते: कोणता पाला वाटून पाजला, विंचवाच्या दंशावर काय बांधले, आधी कोणाकडे नेले होते. ही माहिती डॉक्टरांना हवी असते आणि ओरडणाऱ्या सिस्टरला ती कधीच मिळत नाही. आकडी आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नये, तोंडात चमचा घालू नये, त्याला कुशीवर वळवावे आणि घड्याळ बघावे, हेही मग ती ऐकून घेते.

आमच्या आवाक्याबाहेरचे मूल ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा तिथून पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जाते. मुंबईत नातेवाईक असलेले पुढे परळच्या वाडिया रुग्णालयाचेही नाव काढतात, कारण १९२९ पासून मुलांसाठी असलेले ते रुग्णालय गिरणगावात राहिलेल्या आपल्या लोकांच्या ओळखीचे आहे. पण धाप लागलेल्या मुलाला तेवढ्या लांब नेणे धोक्याचे असते. १०८ ची गाडी येईपर्यंतचा वेळ हा शुश्रूषेचा सर्वांत मोलाचा वेळ आहे आणि तो बहुधा कागद शोधण्यात जातो. चिठ्ठीवर निदान असतेच. त्याखाली मी स्वतःच्या हाताने वजन, शेवटची मात्रा कोणत्या वेळी दिली, किती सलाईन गेले, शेवटची शू किती वाजता झाली आणि शेवटची साखर किती होती, हे लिहिते. शू महत्त्वाची; तासाला किलोमागे एक मिलिलिटर होत असेल तर मूत्रपिंडांपर्यंत रक्त पोहोचते आहे. घरून आणलेली कोरडी दुपटी एकदा तोलून ठेवली आणि ओली पुन्हा तोलली की वजनातला फरक म्हणजे लघवी, एका ग्रॅमला एक मिलिलिटर. आई गाडीत मुलाजवळच बसते. पुढे ड्रायव्हरशेजारी काकाला बसवायचे. तिने मला सांगितलेले वाक्यही त्या चिठ्ठीवर असते, कारण बांबोळीत तिची मालवणी समजेल, पण तिला विचारायला कोणाला सवड मिळेलच असे नाही.

बहुतेक मुले मात्र बरी होऊन घरीच जातात आणि पावसाळ्यात त्यांत जुलाबाची मुले अधिक असतात. डिस्चार्जच्या दिवशी मी आईकडून ओआरएस करून घेते, नुसते सांगून सोडत नाही. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, सबंध. अर्धे पाकीट पेल्यात टाकले तर मीठ जास्त होते आणि ते अपायकारक असते. एकदा कालवलेले चोवीस तासांत संपवायचे, उरले तर ओतून टाकायचे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, वाटी-चमच्याने, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. दुकानात खोक्यांतून मिळणारी गोड पेये ओआरएस नव्हेत. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ साली मनाई केली आहे, तरी पाकिटावरचे सूत्र वाचूनच घ्यावे. सोबत उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, आणि अंगावरचे दूध चालूच. उपाशी ठेवू नये. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून रोज एक द्यायची; सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळीही तिथेच थांबवली जाते, हे आम्ही नेहमी पाहतो. ती चौदा दिवस द्यायची असते, म्हणून मी पाकिटावर तारखा लिहून देते आणि शेवटच्या तारखेभोवती पेनाने गोल करते. मूल पाणीही पीत नसेल, शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले किंवा नेहमीपेक्षा गप वाटले, तर तारीख न पाहता परत यायचे आणि आल्या आल्या दारातल्या सिस्टरला तेच वाक्य आधी सांगायचे.